वाटीभर पिठाची खळ

इंदूकाकूंच्या चक्कीच्या दाराला अतिक्रमणवाल्यांची नोटीस लागली आणि तिच्यावर आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचं पोस्टर मीच चिकटवलं. खळसुद्धा काकूंच्याच पिठाची. वाटीभर उसनं मागून आणलं होतं. खालचा कागद वाचला नाही. आमच्या गोरखपूर मोहल्ल्यात दाराला हिंदीत काही चिकटलेलं असलं की ती कोचिंगची जाहिरात, एवढं मला शाळेपासून ठाऊक.

काकूंचे यजमान, पुंडलिककाका, कारखान्यात होते. ते गेल्यावर काकूंनी पुढच्या खोलीत चक्की टाकली. घर तिच्यावर चाललं आणि मंडळाच्या मोदकांची पिठीही फुकटात तिथूनच आली. दळताना काकू कोणासाठी चक्की थांबवत नाहीत. माणूस तेवढ्या लायकीचा असावा लागतो.

गणपती गेले, बुलडोझर आला.

"माताजी, नोटिस तो दरवाज़े पर चस्पा कर दी थी," साहेब म्हणाले.

"दाराला दिली? मग दारालाच घेऊन जा ना भैया! मी आत दळून राहिली होती, मला काहून नाही दिली?"

साहेबांनी पोस्टरकडे पाहिलं. मी चपलांकडे.

पुढची भिंत पडली. चक्की वाचली, कारण मोहल्ल्यातल्या बायकांचे डबे आत होते आणि बायका आडव्या झाल्या. न्यायापेक्षा गहू जवळचा.

काकू हायकोर्टात गेल्या. सरकारी वकिलांनी छातीठोक सांगितलं, घरी कोणी सापडलं नाही म्हणून नोटीस चिकटवली, हा घ्या फोटो. फोटोत नोटीस होती आणि दाराच्या दुसऱ्या, अर्धवट उघड्या फळीआड डबा उचलणाऱ्या काकूही होत्या, चांगल्या ठळक.

"या कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

"चौकशी करावी लागेल," वकील म्हणाले.

निकाल लागला: माणूस समोर असताना दाराला चिकटवलेला कागद ही नोटीस नव्हे. हातात द्या, उत्तराला वेळ द्या, म्हणणं ऐका, मग ठरवा. ऐतिहासिक निकाल म्हणे. तिकडे वकिलांच्या वस्तीत, नेपियर टाउनात, वकील तो एकमेकांना चहावर ऐकवतात. पोराला मारण्याआधी 'काय केलंस?' विचारावं, हे काकूंना कोर्टाशिवाय कळत होतं. शिकलेल्यांना खंडपीठ लागलं.

मग नवी नोटीस घेऊन कारकून स्वतः आला. काकूंनी डबा पूर्ण होईस्तोवर त्याला चक्कीशेजारी उभं केलं. काळी पँट पांढरी झाली.

"इसीलिए उस दिन अंदर नहीं आया था, दीदी," तो पुटपुटला.

सुनावणीत चहा यायच्या आत निघालं, की पाडायची होती ती मागच्या गल्लीतली टपरी. चक्की कायम राहिली.

"आणि माझी भिंत?" काकूंनी विचारलं.

"अलग से आवेदन दीजिए."

आता पुढे ताडपत्री आहे. वाऱ्याने ती फडफडते, काकू तिला 'साहेब' म्हणतात. काल अर्ज लिहायला मला बोलावलं.

"लिहितो ना काकू."

"लिही. आणि माझं वाटीभर पीठ कधी देऊन राहिला? हातात नोटीस देऊ?"

"उत्तराला वेळ द्यावा लागते, काकू."

पीठ अजून दिलेलं नाही.