पंखा आणि एकनाथची मेणबत्ती

सोलापुरातल्या त्या जुन्या चर्चमध्ये पंखा लावला तो मीच. दुपार तापलेली, आत चिटपाखरू नाही, आणि घामाच्या बाबतीत मी फार उदार. बटण दाबलं मात्र, वेदीशेजारची एकुलती मेणबत्ती गेली.

"कुनी इजिवली?"

खांबामागून बजाबाई आल्या. सत्तरीतल्या, हातात झाडू. हे चर्च त्याच झाडतात. अकरावीच्या पोरांना 'प्रोटेस्टंट लाटेला कॅथलिकांचं उत्तर' शिकवायचं होतं. बजाबाईंनी दोन्ही घरं पाहिलेली, म्हणून मी त्यांच्याकडेच आलो होतो. मी घाईघाईनं पंखा बंद केला.

"चुकून झालं हो, मावशी."

"चुकून व्हय? आता त्यो यील की, मास्तर."

तो म्हणजे त्यांचा नवरा एकनाथ. जाऊन सहा वर्षं झाली. बजाबाई मोहोळकडच्या, मिशनच्या, म्हणजे प्रोटेस्टंट घरातल्या. एकनाथ पक्का कॅथलिक. चाळीस वर्षं एकच भांडण. बजाबाई म्हणायच्या, मेलेल्यासाठी प्रार्थना करून काय उपयोग? तो म्हणायचा, आत्मा स्वर्गाच्या अलीकडं शुद्धिस्थानात खोळंबतो, जित्यांच्या प्रार्थनेनंच पुढं सरकतो. शेवटच्या दिवशी त्यानं विचारलं, "माज्यासाठी मेणबत्ती लावशील न्हवं?"

बजाबाई म्हणाल्या, "न्हाय."

तेवढं ऐकून तो गेला.

माझ्यातला मास्तर जागा झाला. "मावशी, साडेचारशे वर्षांमागं ट्रेंट गावात बिशपांची परिषद भरली. थांबत थांबत अठरा वर्षं चालली! त्यांनी ठणकावून सांगितलं, शुद्धिस्थान आहे, आणि..."

कर्र.

तिसऱ्या बाकापुढची, गुडघे टेकायची फळी. तिच्यावरच्या रेक्झिनच्या गादीला एक खळगा पडला होता. बाकावर कोणी नव्हतं. परिषद माझ्या घशातच बरखास्त झाली.

"बगितलंसा? इजली की असाच येतो." बजाबाईंनी काडेपेटी काढली. एक काडी मोडली, दुसरी मोडली. गादीला शेजारीच दुसरा खळगा पडला. दुसरा गुडघा. "लावते की रं, लावते," त्या बाकाकडं न बघता पुटपुटल्या.

तिसरी काडी पेटली. ज्योत सरळ झाली, तशी गादी हळूहळू फुगून सपाट झाली. एकेका गुडघ्यानं, म्हातारं माणूस उठतं तशी.

एव्हाना मी दाराशी पोचलो होतो. तिथूनच, चपला हातात धरून विचारलं, "मावशी, म्हणजे आता तुमचा यावर विश्वास बसला तर?"

"माजा न्हाय, त्याचा हाय."