आत्याबाईंची काडेपेटी

जगातल्या सगळ्या गाद्या एका बाजूला आणि आमच्या चुलत सासूबाई दुसऱ्या बाजूला, असं युद्ध गेली वीस वर्षं चालू आहे आणि गाद्यांना त्यात एकदाही जिंकता आलेलं नाही. मी त्यांना आत्याबाई म्हणते. तुळजापूरला जायचं असो, नातवाला परीक्षेसाठी संभाजीनगरला न्यायचं असो, नाहीतर लग्नासाठी परगावी मुक्काम असो, आत्याबाई देव, परीक्षा आणि नवरी यांच्या आधी गादी बघतात. त्यांच्या पिशवीत लुगडी दोन आणि हत्यारं पाच. एक बॅटरी, गोधडी शिवायची मोठी सुई, पांढऱ्या धोतराचा तुकडा, औषधाच्या बाटलीत भरलेलं रॉकेल आणि एक काडेपेटी. काडेपेटीत काड्या नसतात. सापडलेला ढेकूण पुरावा म्हणून ठेवायला ती असते.

लॉजच्या खोलीत त्यांच्याबरोबर शिरलं की सामान खाली ठेवायचं नाही. सगळ्या पिशव्या आधी न्हाणीत, कारण ओल्या फरशीवर ढेकूण चालत नाही असं त्यांचं ठाम मत आहे. माणसांनी दाराबाहेर उभं राहायचं. मग त्या पदर खोचून आत जातात आणि मधोमध थांबून हवा हुंगतात. ढेकूण असलेल्या खोलीला म्हणे नासलेल्या कोथिंबिरीसारखा वास येतो. वासाचं झालं की गादीची शिवण सुईनं उकलून बघायची, मग पलंगाच्या स्क्रूंची भोकं, मग पडद्याची दुमड, मग भिंतीवरच्या फुलांच्या फोटोमागं. एकदा तुळजापुरात त्यांनी असा फोटो काढला तर खिळ्याबरोबर भिंतीचा पोपडाच हातात आला आणि पलीकडच्या खोलीतून एक माणूस घाबरून ओरडला, "कोण हाय तिकडं?" आत्याबाईंनी त्या भोकाला तोंड लावून त्यालाच विचारलं, "तुमच्याकडं हायेत का हो?"

आष्टीच्या एका लग्नात त्यांनी मंडपवाल्याच्या चाळीस गाद्या उन्हात काढायला लावल्या. मंगलाष्टकं सुरू झाली तरी वऱ्हाड मागच्या पटांगणात काठ्यांनी गाद्या बडवत होतं. आवाज ऐकून बँडवाल्यांना वाटलं हाणामारी झाली, ते वाद्यं घेऊन टेम्पोत जाऊन बसले. नवरदेवाचे मामा अंतरपाटाजवळ हवे होते, ते अल्बममध्ये हातात काठी घेऊन आलेत. पाहुण्यांच्या घरी मात्र अशी बॅटरी काढता येत नाही. तिथं आत्याबाई फक्त म्हणतात, "मला बाई अंगणातच बरं वाटतंय." जानेवारीतसुद्धा.

आणि ही बाई काही नाजूक घरची नाही. तरुणपणी बारा हंगाम ऊस तोडून आलेली. फडातल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, उसाच्या पाचटावर झोपायच्या, तिथं विंचू निघाले, एकदा उशाला साप निघाला. मी एकदा विचारलं, "आत्याबाई, सापाला न्हाई भ्यालात, मग ढेकणाला कावून भेता?" तर म्हणाल्या, "साप चावला तर मानूस मरतंय. ढेकूण चावला तर मानूस जिता ऱ्हातंय आन लोकं बघत्यात."

याचा अर्थ मला नंतर कळला. पोरांच्या पाठीवर त्यांना मुलगी एकच. तिला बीडच्या पाहुण्यांना दाखवायचं ठरलं होतं, म्हणून आदल्या दिवशीच तिला घेऊन त्या बीडला एका लॉजवर उतरल्या. पोरीची झोप नीट व्हावी म्हणून तिला पलंग दिला आणि स्वतः खाली झोपल्या. सकाळी पोरीच्या तोंडावर, गळ्यावर, हातावर गांध्या. पावडर लावली, पदर ओढून घेतला, पण चहाचा कप पुढं करताना हात दिसले. मुलाच्या मावशीनं ते बघितलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "पोरीला अंगावरचं कायतरी हाय." स्थळ गेलं ते गेलंच, पण ते वाक्य गेवराईपासून केजपर्यंत सगळ्या सोयऱ्यांत फिरलं. दोन वर्षं कुणी बघायला आलं नाही. शेवटी ज्यांच्यापर्यंत ते वाक्य पोचलं नव्हतं अशा लांबच्या गावी, सिन्नरच्या पलीकडं, मुलगी द्यावी लागली. जावई चांगला मिळाला. पण गाव इतकं लांब की आत्याबाईंच्या पोरांना आईला तिकडं न्यायला कधी सवड झाली नाही, आणि मुलीला कांदा, गुरं आणि अंथरुणाला खिळलेली सासू सोडून येता आलं नाही. चार वर्षं मायलेकींची भेट नव्हती. मी हे आताच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते सगळं सिन्नरच्या दिशेनं झालं.

आमच्या ग्रामपंचायतीत आम्ही दोघी मेंबर आहोत. माझ्या वॉर्डातली जागा बाईची निघाली, घरच्यांनी माझं नाव दिलं आणि मी सही केली. चौथीपर्यंत शाळा झाली आहे, त्यामुळं सही माझी चांगली येते. मीटिंगला मी तोंड उघडत नाही आणि आत्याबाई मिटत नाहीत, त्यामुळं दोघींचं मिळून काम बरोबर होतं.

निवडून आल्यावर उपसरपंच निवडायचा होता. आमच्या पॅनलचे पुढारी तात्या, त्यांना आपल्या पुतण्याला उपसरपंच करायचं होतं. बहुमत होतं, पण काठावरचं. एक मेंबर फुटला की पद गेलं. अशा वेळी मेंबरांना सहलीला नेतात. सहल म्हणजे जीपमध्ये बसवून लांब न्यायचं आणि मतदानाच्या दिवशी थेट ग्रामपंचायतीच्या दारात उतरवायचं. जनतेनं ज्यांना विश्वासानं निवडून दिलं त्यांच्यावर पुढाऱ्यांचा इतका विश्वास असतो की पहिल्यांदा सगळ्यांचे फोन काढून घेतात. तात्यांनी आमचे फोन रेक्झिनच्या पिशवीत टाकले, चेन ओढली आणि ती पिशवी मांडीखाली घेऊन बसले.

जीपमध्ये चढताना आत्याबाईंनी विचारलं, "तात्या, सिन्नरला जाता यील का? लेकीला भेटून यीन, घटकाभर."

तात्या म्हणाले, "आत्याबाई, ही सहल न्हाई, निवडणूक हाय. गेवराईच्या पुढं हायवेला लॉज हाय आपल्या वळखीचा. चार दिवस खायचं, झोपायचं. परदे लावून घ्यायचे."

आत्याबाई पुतण्याशेजारी जाऊन बसल्या. पुतण्या म्हणजे आमचा उमेदवार, मनानं चांगला आणि अंगानं दोन सीटचा.

गेवराईच्या लॉजवर दुपारी पोचलो. आम्ही सहा मेंबर बोळात पिशव्या घेऊन उभे. आत्याबाईंनी वास घेतला, शिवण बघितली, मान हलवली आणि उमेदवाराला हाक मारली. "ये रे. हितं आडवा हो."

"मी कावून?"

"ढेकूण रगताच्या उबीला येतोय. तुझ्यात रगत लई हाय."

उमेदवार तात्यांकडं बघायला लागला. तात्या हळूच म्हणाले, "झोप बे. एका मताचा प्रश्न हाय." पडदे लावले, दिवा घालवला, सगळ्यांनी श्वास धरून दहा मिनिटं वाट बघितली. उमेदवार पाचव्या मिनिटाला घोरायला लागला. मग आत्याबाई बॅटरी घेऊन वाकल्या, त्याच्या पाठीखालून काहीतरी उचललं आणि धोतराच्या तुकड्यावर ठेवून काउंटरवर नेलं. ढेकूण होता.

मॅनेजर म्हणाला, "आजी, हा तुमच्याबरोबरच आला आसंल."

"माझ्याबरोबर आला आसता तर तात्यांनी त्याचा बी फोन काढून घेतला आसता," आत्याबाई म्हणाल्या. "आमी हितं ऱ्हात न्हाई. पुढं बघू."

तात्या बीडकडं परतायचं म्हणत होते. आत्याबाई म्हणाल्या, "मागं लॉज चांगले नस्त्यात." दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर तात्यांनी त्याला जीपमधून उतरवलं असतं. पण उतरवलेलं मत समोरच्या पॅनलनं लगेच उचललं असतं. जीप पुढं निघाली.

नेवासा फाट्यावर तसंच झालं. बोळ, पिशव्या, पडदे, उमेदवार आडवा, दहा मिनिटं, ढेकूण. त्या दिवशी आम्ही एका धर्मशाळेच्या फरशीवर झोपलो. दुसऱ्या दिवशी शिर्डी. दर्शन झालं, तात्यांनी चिडून चांगलं मोठं हॉटेल केलं, लिफ्ट असलेलं. गाद्या इतक्या पांढऱ्या की बसायची भीती वाटावी. उमेदवार आता न सांगता शर्ट काढून पडला. आणि तिथंही ढेकूण निघाला.

मी मागं उभी राहून सगळं बघत असते. बोलत नसलं की माणसाला बघायला वेळ मिळतो. गेवराईच्या ढेकणाला एका बाजूचे पाय नव्हते. नेवाशाच्या ढेकणालाही त्याच बाजूचे पाय नव्हते. शिर्डीच्या पांढऱ्या चादरीवर तर ते अगदी स्वच्छ दिसलं. तालुका बदलला, जिल्हा बदलला, ढेकूण तोच. वाळून कागदासारखा झालेला. आमच्या पॅनलमध्ये इतका पक्का दुसरा कोणी नव्हता.

मॅनेजर तावातावानं नाही म्हणत होता. आत्याबाई म्हणाल्या, "मग लाव फोन तुझ्या मालकाला, मीच बोलते." आणि त्याच्या हातातून फोन घेऊन काडेपेटीचं झाकण बघत बघत स्वतःच आकडे दाबले. ते आकडे निघायच्या आधी त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतले होते, कशाला ते मी विचारलं नव्हतं. मालकाशी त्या कोपऱ्यात जाऊन बोलल्या. माझ्या कानावर एवढंच आलं, "कांदा काढला का ग?"

तात्यांना संशय आला. ते खोलीत गेले, ढेकणाकडं डोळे बारीक करून बघायला लागले. चष्मा जीपमध्ये राहिला होता. म्हणून ते माझ्याकडं वळले. "मेंबरबाई, तुमी कदी खोटं बोलत न्हाईत. तुमी सांगा. ढेकूण हाय का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आत्याबाई माझ्याकडं बघत नव्हत्या, खिडकीतून रस्त्याकडं बघत होत्या. सिन्नरची पाटी तिथून दिसत नव्हती, पण त्या बघत होत्या.

मी म्हणाले, "हाय."

ढेकूण होता, हे तर खरंच होतं.

संध्याकाळी सिन्नरला पोचलो. एका दुकानाच्या माडीवरचा लॉज, आत्याबाईंनीच पत्ता सांगितलेला. जिना काळोखा, भिंतीला ओल, गादीवर चहाचे की कशाचे नकाशे, आणि मलासुद्धा नासलेल्या कोथिंबिरीचा वास आला. आम्ही सवयीनं बोळात थांबलो, उमेदवार सवयीनं शर्टची बटणं काढायला लागला. आत्याबाई सरळ आत गेल्या आणि पलंगावर मांडी घालून बसल्या.

"बरी हाय की खोली," त्या म्हणाल्या.

"बघायचं न्हाई का?" तात्यांनी विचारलं.

"किती बघायचं मेलं. दमले मी."

सकाळी मुलगी आली. डोक्यावर कांद्याची पिशवी, हातात भाकरीचं गाठोडं. तात्या जिन्यातच आडवे आले. समोरच्या पॅनलनं कुणाला तरी पाठवलं असं त्यांना वाटलं. "कोन तुमी? कुनाला भेटायचंय?"

आतून आत्याबाई म्हणाल्या, "लेक हाय माझी. यीऊ द्या तिला."

तात्यांनी मुलीच्या डोक्यावरच्या कांद्याच्या पिशवीकडं बघितलं, आत पलंगावरच्या काडेपेटीकडं बघितलं. हुशार माणूस आहे, पण कळायला तीन लॉज लागले. म्हणाले, "आत्याबाई, सरळ सांगितलं आसतं तर..."

"सांगितलं व्हतं की. जीपमधी चढताना."

तात्या खाली गेले आणि वर सगळ्यांसाठी चहा पाठवला.

मायलेकी पलंगावर बसल्या. मुलीच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. मला वाटलं आता दोघी रडतील. आत्याबाईंनी तिचा हात हातात घेतला, बाही वर सारली, आणि एवढा उजेड असताना पिशवीतून बॅटरी काढून तो हात मनगटापासून कोपरापर्यंत उलटसुलट बघितला.

"आई," मुलगी हसून म्हणाली, "आता कोन येनार हाय मला बघाया?"

आत्याबाईंनी बॅटरी घालवली, पण हात सोडला नाही.

त्या खोलीत मात्र खरेच ढेकूण होते, आणि भरपूर. मतदानाच्या दिवशी आम्ही गावात उतरलो तेव्हा सगळं पॅनल लाल झालं होतं. हात वर करून मतदान घेतलं. आमचे सगळे हात वर झाले, काही मत द्यायला, काही खाजवायला, आणि उमेदवार निवडून आला. आत्याबाईंच्या गळ्यावर मोठी गांधी होती. ती त्यांनी पदरानं झाकली नाही.

आता उपसरपंच निवडला म्हणजे सहल संपली. पुन्हा जीप निघायची तर अविश्वास ठराव यायला पाहिजे. प्रत्येक मीटिंगला आत्याबाई माझ्याशेजारी बसतात आणि हळूच विचारतात, "कसं चाललंय ग त्याचं?"

"चांगलं चाललंय."

"पानी सोडतोय का येळेवर?"

"सोडतोय."

आत्याबाई सुस्कारा टाकतात. अख्ख्या गावात उपसरपंच चांगलं काम करतो याचं दुःख असलेली ही एकच बाई. म्हणजे आता आम्ही दोघी. गेल्या महिन्यात आमच्या नळाला एक दिवस पाणी आलं नाही, तेव्हा मी मीटिंगमध्ये पहिल्यांदा हात वर केला आणि उभी राहून म्हणाले, "पानी आलं न्हाई." सगळे चाट पडले. उपसरपंचानं माझी माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पाणी सोडलं.

त्या दिवशी मी खाली बसले तेव्हा आत्याबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग पिशवीतून काडेपेटी काढली, कानाशी धरून हलवली, आत तो आहे याची खात्री केली, आणि पुन्हा जपून ठेवून दिली.