रंजिता मॅडमचा सल्ला

इंदूरकडच्या एका केळीबागांच्या शहरात, लालबाग भागातल्या शाळेत रंजिता मॅडम हिंदी शिकवायच्या. शाळा सुटली की हॉलमधली बाकं सरकवून मुलींचा कथकचा क्लास घ्यायच्या. लग्नाआधी इंदूरला तीन वर्षं शिकल्या होत्या, त्यावरच अठरा वर्षं क्लास चालला. तबल्याला कोणी नव्हतं. मोबाइलवर ठेका लावायचा आणि हातानं टाळी द्यायची. आसपास दुसरं कोणी शिकवणारं नव्हतं, त्यामुळे पालकांत त्यांना मान होता.

एका डिसेंबरात भोपाळहून मृणालताई तीन दिवसांच्या शिबिराला आल्या. नामवंत नर्तकी, सोबत त्यांचा तबलजी. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलींना नाचायला सांगितलं आणि मिनिटभरात हात वर करून तबला थांबवला.

"सगळ्यांचं कोपर एकसारखं खाली पडतंय. कुणी शिकवलं असं?"

तीस मुलींनी मागं वळून रंजिता मॅडमकडे पाहिलं.

मृणालताईंच्या लक्षात आलं. "होतं असं, सुधारून घेऊ," म्हणत त्यांनी विषय सावरला. पण शिबिराचे उरलेले दिवस मॅडम भिंतीशी खुर्ची टाकून नुसत्या बसून राहिल्या. शेवटच्या दुपारी मृणालताई स्वतः मुलींसमोर नाचल्या. ते पाहताना मॅडमना कळून चुकलं, की आपण इतकी वर्षं जे शिकवलं ते अर्धवट आठवलेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, पण ते रागाचं होतं.

निघताना मृणालताई म्हणाल्या, "दापोरा गावची ती शीतल, नववीतली. तिला माझ्याकडे पाठवा. राहण्याची, शाळेची सोय मी बघते. दोन वर्षांत तिची कोपर पाडायची ही जुनी सवय जाईल."

सोमवारी मधल्या सुट्टीत शीतलचे वडील निंबाभाऊ शाळेत आले. केळीच्या बागेतून तसेच आले होते, हातांवर चिकाचे काळे डाग.

"मॅडम, तुम्हीच सांगा, पोरीले पाठवू का नको? आमच्या घरात कोनाले यातलं समजत नाही. तुम्ही म्हनसान तसं."

मॅडमनी पदर सारखा केला. "शहर मोठं आहे, भाऊ. कार्यक्रम, दौरे, कोण कुणासोबत जातं, कुणी बघत नाही. माझी मुलगी असती तर मी नसती पाठवली."

त्यांची मुलगी निशा तेव्हा इंदूरला होस्टेलमध्ये राहून शिकत होती.

निंबाभाऊंनी हात जोडले. "बरं झालं, तुमाले विचारलं."

शीतल घरी दोन दिवस जेवली नाही. मग क्लासला आली ती शेवटच्या रांगेत उभी राहिली. उन्हाळा लागेपर्यंत येणं बंदच झालं. पुढच्या वर्षी मृणालताईंनी तिची आठवण काढली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "घरचे तयार झाले नाहीत."

"गावाकडे हेच होतं," मृणालताई म्हणाल्या. मॅडमनी मान हलवली.

वीस वर्षांची झाली आणि शीतल बहादरपुरात दिली. लग्नात निंबाभाऊंनी व्याह्यांना मॅडमची ओळख करून दिली, "पोरीले वेळेवर यांनीच सांभाळलं." मॅडम ताट अर्धं टाकून उठल्या. त्या महिन्यात त्यांनी क्लास बंद केला. कुणी विचारलं तर गुडघ्यांचं कारण सांगायच्या.

दोन वर्षांपूर्वी त्या दापोऱ्याला गेल्या. निंबाभाऊ ओट्यावर बसले होते. त्यांनी खुर्ची पुढे केली, पण मॅडम उभ्याच राहिल्या.

"मी खोटं बोलले होते, भाऊ. मृणालताई भल्या बाई होत्या. पोरींसमोर माझा अपमान झाला होता, तो मी शीतलवर काढला."

निंबाभाऊंनी पुढे केलेली खुर्ची मागं ओढली.

"आता हे मले काहून सांगता, मॅडम? पोरगी तिच्या घरी गेली. मी हे घेऊन कुठं जाऊ?"

ते उठून आत गेले. परत आले नाहीत. थोडा वेळ थांबून मॅडम चौकातून मिळेल त्या गाडीनं शहरात परतल्या.

निंबाभाऊंनी लेकीला काहीच सांगितलं नसावं. कारण परवा बाजारात शीतल दिसली, तशी गर्दीतून वाट काढत आली आणि वाकून पाया पडली. कडेवरच्या मुलीला म्हणाली, "ह्या माझ्या मॅडम. नमस्ते कर."