राजरत्नचा चौदा एप्रिल

अकरा वर्षं राजरत्न शेजवळ चौदा एप्रिलच्या सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालायचा, आईच्या पाया पडायचा आणि मिरवणुकीकडे पाठ करून अंबरनाथला कामावर जायचा. बदलापूरच्या शिरगावात त्याचं दार माझ्या दारासमोर. त्यामुळे हा प्रवेश मी दरवर्षी पाहिला, आणि दरवर्षी त्याची आई भिमाबाई तेच वाक्य त्याच्या पाठीवर फेकायची, "सारं गाव बाबासाहेबांच्या जयंतीला नाचतंय, आन् माझा पोरगा मशिनीला पंखा घालतोय!"

मशिनीचं काम म्हणजे काय, हे मला कळायला बरेच दिवस लागले. राजरत्न एका खासगी रुग्णालयाचे सर्व्हर सांभाळतो. मोठी यंत्रं दोनच. त्यांचे आतल्या आत वाटे घालून चाळीस सर्व्हर केलेले. एक औषधांचा, एक ओपीडीचा, एक रक्तपेढीचा. हे ऐकताना, चाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेल्या मला आमचा दौऱ्यावरचा रंगपट दिसला. खोली एकच, मध्ये साड्या बांधून पाडलेले कोपरे. खलनायकाला मोठा कोपरा हवा, नायिकेला त्याहून मोठा, आणि जिचा प्रवेश थेट तिसऱ्या अंकात ती दासी पहिल्या अंकापासून जागा अडवून बसलेली!

"अण्णा, सेम टू सेम," मी हे बोलून दाखवल्यावर राजरत्न हसला. "प्रत्येक डिपार्टमेंट मेमरी मागतं दुप्पट आणि वापरतं निम्मी. पडदे सरकवणारा मी एकटा."

आणि चौदा एप्रिलला तर पडदे सतत सरकवावे लागत. त्या दिवशी उल्हासनगरपासून बदलापूर गावापर्यंत वीसेक ठिकाणी या रुग्णालयाची रक्तदान शिबिरं लागतात. प्रत्येक दात्याची नोंद शिबिरातूनच रक्तपेढीच्या सर्व्हरवर होते. वर्षभर डुलक्या काढणारा तो सर्व्हर त्या सकाळी धापा टाकायला लागतो. नोंद अडली की रांग अडते, आणि उन्हात ताटकळलेला माणूस रक्त न देताच घरी जातो. म्हणून जयंतीला राजरत्न ऑफिसात.

यंदा जानेवारीत रुग्णालयाने एक सॉफ्टवेअर आणलं. कुठला सर्व्हर किती वापरतोय यावर ते अखंड लक्ष ठेवतं आणि रिकाम्याचं काढून गरजवंताला आपणहून देतं. राजरत्नने दोन महिने त्याला फक्त सल्ला देऊ दिला. तालीममास्तर नव्या नटाकडे बघतात तसा तो त्याच्याकडे बघत होता. मार्चअखेर त्याने मान डोलावली, सगळा कारभार त्याच्या हाती दिला आणि घरी येऊन म्हणाला, "आई, या वर्षी मी मिरवणुकीत."

भिमाबाई अठ्ठ्याहत्तरच्या. डॉक्टरांनी गुडघ्यांची आशा सोडलेली. "औंदा चालीन मी, पुढल्या साली पालखी लागंल," असं त्या मला म्हणाल्या होत्या. विहारापासून चौकापर्यंत एकदा तरी लेकाचा हात धरून चालायचं, एवढीच त्यांची इच्छा. ती पुरी व्हायची तर याच वर्षी.

सकाळी कुळगावातल्या विहारापासून मिरवणूक निघाली. निळे झेंडे, ढोल, पांढऱ्या साड्यांची रांगच रांग. भिमाबाईंनी राजरत्नचं कोपर घट्ट धरलेलं. मी पलीकडून, काठी टेकत. निम्मी वाट झाली असेल, एवढ्यात त्याचा फोन थरथरला. त्याने वाचलं, आणि भलत्याच अंकात प्रवेश केलेल्या नटासारखा त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"अण्णा, मी माती खाल्ली."

झालं होतं असं : आदल्या दुपारी, अकरा वर्षांच्या सवयीने, त्याने रक्तपेढीची मेमरी स्वतःच्या हाताने वाढवून पक्की करून ठेवली होती. आकडा गेल्या वर्षीचा. यंदा शिबिरं वाढली, आकडा पुरेना. आणि माणसाने हाताने पक्क्या केलेल्या गोष्टीला ते सॉफ्टवेअर हात लावत नाही. इतकं सभ्य!

त्याने ऑफिसात ड्युटीवर असलेल्या ऋतिकाला फोन लावला. ढोलांमुळे तिला ओरडावं लागत होतं. "सर, उल्हासनगरची रांग थांबलीय! लोक परत जातायत! तुम्ही येताय ना?"

राजरत्न आईकडे वळला. भिमाबाईंनी आपणच त्याचं कोपर सोडलं.

"जा. रगत महत्त्वाचं. मी ह्या अण्णांसंगं जाते. हे तरी कुठं पळत्यात?"

तो दोन पावलं गेलासुद्धा. मग थांबला. मी जवळ गेलो. एवढंच विचारलं, "तू जाऊन नक्की काय करणार?"

"आकडा बदलणार."

"मग त्या सॉफ्टवेअरला का ठेवलंयस?"

त्याने फोन पुन्हा कानाला लावला. "ऋतिका, मी पक्कं केलेलं फक्त काढून टाक. नवीन आकडा घालायचा नाही."

"किती देऊ ते तरी सांगा ना, सर!"

"काही नाही. त्याला बघू दे."

मिरवणूक आमच्या अंगावरून पुढे जात होती. मिनिट गेलं. दुसरं गेलं. भिमाबाई रस्त्याच्या कडेला उभ्या, राजरत्नचा फोन कानालाच. मग फोनमधून ऋतिका हसली, ते मलाही ऐकू आलं. "सर, घेतलं त्याने! सुट्टी म्हणून ओपीडी झोपलेली, तिथून उचललं. मी नसता हो हात लावला ओपीडीला. नोंदी सरकल्या, रांग चालू!"

राजरत्नने एवढा मोठा श्वास सोडला की शेजारचा ढोलवाला वळून बघायला लागला. फोन खिशात टाकून तो आईकडे गेला आणि तिचा हात आपल्या कोपराला लावला. मिरवणूक बरीच पुढे गेली होती. आम्ही तिघे मागून, आमच्या चालीने चौकात पोचलो. फोन पुन्हा वाजला नाही. त्याने दोनदा खिसा चाचपला, तेव्हा भिमाबाईंनी हातावर चापट मारली.

चौकातही शिबिराचा मांडव होता. राजरत्न म्हणाला, "आई, जयंतीला मी कधी रक्तच दिलं नाही गं," आणि आत जाऊन आडवा झाला. परिचारिकेने त्याचं नाव घातलं. क्षणात नोंद झाली.

भिमाबाई त्याच्या उशाशी खुर्ची ओढून टेकल्या आणि परिचारिकेला म्हणाल्या, "घे गं बाय, अकरा वर्षांचं एकदम काढून घे!"

राजरत्न डोळे मिटून हसत होता.