पुन्हा जायास काय उरेल?

कुंभकोणमच्या फलाटावर माझ्या शेजारी बसलेले एक म्हातारे गृहस्थ विड्याचं पान मांडीवरच्या धोतराला हळुवार पुसत होते, तान्ह्या बाळाचं अंग टिपावं तसं.

पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेली आमची घरगुती मराठी बाहेर कुणाला कळते, या भरवशावर मी माझ्या वडिलांना म्हणाले, "अप्पा, सरकून बसा. हे आता थुंकणार."

मग आमचं भांडण पुन्हा सुरू झालं. चेन्नईला निघालो होतो, तिथे एकच दिवस, आणि अप्पांना म्युझियम, किल्ला, मैलापूरचं देऊळ, समुद्र, सगळंच हवं होतं. हृदयाच्या ऑपरेशननंतर ते प्रथमच बाहेर पडले होते. "पुन्हा कुठला मी येतोय!" ते म्हणाले.

"थुंकणार नाही हो, बाई," शेजारून आमच्याच मराठीत आवाज आला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गृहस्थ मात्र शांतपणे पानाला चुना लावत अप्पांना म्हणाले, "राव, सगळं याच खेपेला पाहून टाकाल, तर पुन्हा जायास काय उरेल?"

अप्पा हसले.

चेन्नईत आम्ही नुसता समुद्र पाहिला, वाळूत बसून. परतीच्या गाडीत मला पेंग आली होती. अप्पांनी हलवून जागं केलं.

"किल्ला राहिलाय हं. लक्षात ठेव."