बाबचाच्या परसातला पाझर तलाव

बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या पाथर्डीकडची माणसं पोटासाठी लांब लांब गेली. कुणी कोपरगावकडे ऊस तोडायला, कुणी मुंबईला हमालीला. मी अमेरिकेला गेलो. गावाला वाटलं, हा सुटला. प्रत्यक्षात मी तिथं जाऊनही बांधच घातला, आणि तो घालायला मला कुणी सांगितलेलंही नव्हतं.

जायचं कारण असं. धाकटा भाऊ भानुदास शिकावा म्हणून मी सातवीतून शाळा सोडली होती. तो इतका मन लावून शिकला की अमेरिकेत इंजिनिअर होऊन बसला. न्यूयॉर्कपासून तासाभरावरच्या एका गावात, एका पोलिश म्हातारीच्या माडीवर दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होता. आता बायको सुमन आणि चार वर्षांची छबी यांना त्याला तिकडं न्यायचं होतं. म्हातारी म्हणाली, तू ठीक आहेस, पण तुझी माणसं कशी असतात ते मला माहीत नाही. आधी एक आणून दाखव. घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघतात, तसे आमच्या घराण्याचे दात बघायचे होते. आई विमानाला तयार होईना. "पडलं मंजी?" म्हणाली. मी पडलो तर चालणार होतं. म्हणून भावाने पाठवलेल्या तिकिटावर मी निघालो. त्याचे उपकार मानत.

गावाच्या नाल्यावर तेव्हा पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं आणि मी तिथं मुकादम होतो. दुसऱ्याला पाटी उचलायला सांगण्याइतकं माझं शिक्षण झालेलं होतं. मुंबईला व्हिसाच्या साहेबाने विचारलं, "परत येणार याची खात्री काय?" मी म्हणालो, "साहेब, बांध अर्धा राहिलाय." त्याने एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या टोपीकडे पाहिलं आणि शिक्का मारला. असल्या माणसाला अमेरिका ठेवून घेणार नाही, अशी त्याचीच खात्री पटली असावी.

भानुदास विमानतळावर घ्यायला आला होता. गाडीत बसल्याबसल्या त्याने नियम सांगायला सुरुवात केली.

"दादा, मोठ्यानं बोलायचं न्हाई. रस्त्यावर थुंकायचं न्हाई. म्हातारी देईल ते खायचं. अन् कशाला हात लावायचा न्हाई. सुमनचं हितं येणं तुझ्यावर हाय."

"श्वास घ्यायचा का?"

"हळू घे," तो म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

त्या गावाचं नाव मला शेवटपर्यंत लिहिता आलं नाही, म्हणून इथंही लिहीत नाही. आकाराने आमच्या शेजारच्या मिरी गावाएवढं, पण त्याला स्वतःची नगरपालिका, स्वतःचा मेयर, स्वतःचे चार पोलीस आणि एक लालभडक बंब. शेजारी मोठं शहर लागून आहे, पण 'आम्ही त्यातले नव्हे' हे सांगायला रस्त्याच्या कडेला भली मोठी पाटी. दुकानांवरची नावं अशी की वाचताना जिभेला गाठ पडावी. एक बेकरी, एक सॉसेजचं दुकान, दोन कळसांचं चर्च आणि एक पोलिश हॉल, जिथं शनिवारी म्हातारेकोतारे हार्मोनियमसारख्या ताणायच्या बाज्यावर नाचतात. यांचे आजे-पणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वी पोलंडहून इथल्या गिरण्यांत कामाला आले. गिरण्या निम्म्या बंद पडल्या, माणसं राहिली. घरासमोर वीतभर अंगण, आणि बऱ्याच अंगणांत आंघोळीचा जुना टब उभा अर्धा पुरून त्याची देवळी केलेली, आत निळ्या वस्त्रातली मेरीमाता. मला हे फार आवडलं. आमच्याकडे टबच नाहीत, त्यामुळे देवाचे हाल.

म्हातारीला सगळी आळी 'बाबचा' (आजी) म्हणायची. ठेंगणी, रुंद, डोक्याला रुमाल बांधलेली. मी वाकून पाया पडलो, तर तिला वाटलं माझं काहीतरी खाली पडलं, आणि तीही शोधायला वाकली. पहिल्याच भेटीत आम्ही दोघं जमिनीवर.

जेवायला 'पिरोगी' होत्या. हुबेहूब आपल्या करंज्या, फक्त तळायच्या ऐवजी पाण्यात उकडलेल्या आणि आत सारणाऐवजी बटाटा. दिवाळीत कुणी अशी करंजी वाढली तर सोयरीक मोडेल. मी नऊ खाल्ल्या. सुमनसाठी आणखी दोन. सोबत पिंपात मीठ घालून आंबवलेली कोबी. मी आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी पुढे केली. बाबचाने चमचाभर तोंडात टाकली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि भानुदासला काहीतरी म्हणाली.

"काय म्हनती?"

"म्हनती, मान्सं तिखट हायेत, पन जेवत्यात चांगली."

आठ दिवसांत आमची परीक्षा बरी चालली होती. आणि मग बर्फ पडला.

एका सकाळी दार उघडलं तर गुडघाभर पांढरं. मी हातात घेतलं, वितळलं, ओंजळीत पाणी. फुकट, दारात, न मागता पडलेलं. आमच्याकडे टँकरमागे बाया पळतात आणि इथं नगरपालिकेचा कायदा काय, तर ज्याने त्याने आपल्या दारातलं हे पाणी फावड्याने उचलून बाहेर फेकायचं. फेकलं नाही तर नोटीस. अख्खी आळी कमरेत वाकून पाणी फेकत होती, आणि ते गटारीतून चाललं होतं. मला बघवेना.

भानुदास कामावर गेला होता. कशाला हात लावू नको, असं तो म्हणाला होता. पण फावडं म्हणजे 'कशाला' नव्हे, ते माझ्या हाताचंच पुढचं टोक.

बाबचाच्या घरामागे परस होतं, उन्हाळ्यात ती तिथं बीट आणि कोबी लावायची. परसाला उतार शेजारच्या कुंपणाकडे. नजर टाकल्याबरोबर जागा दिसली. मोडलेल्या खुराड्याच्या विटा होत्या, घर तापवायच्या भट्टीतली कोळशाची राख होती. विटांचा गाभा, वरून ओली राख चोपून भराव, एका अंगाला जादा पाण्यासाठी सांडवा, आणि पोटात सगळा बर्फ. तीन दिवस खपलो. दारातला बर्फ संपला तसा शेजाऱ्यांचा ढकलगाडीतून आणू लागलो. लोक खूश! कोण हा टोपीवाला, दारातला बर्फ उचलून नेतो आणि वर हात जोडतो? बेकरीवाल्याने पाव दिला. बाबचा खिडकीतून बघायची आणि संध्याकाळी एक पिरोगी जास्त वाढायची. भानुदास म्हणाला, "दादा, लई छाप पाडलीस. आता सुमन आली म्हन."

महिनाअखेर एकदम ऊब आली, वरून दिवसभर पाऊस. बर्फ उतरला. माझा बांध तुडुंब भरला आणि फुटला नाही! मी काठावर उभा राहून बघत होतो. गावाकडे वर्षभर बांध घालून थेंब पाहिला नव्हता. इथं तीन दिवसांच्या कामावर पाणी डुलत होतं.

आमचा ओव्हरसियर सांगायचा, पाझर तलावातलं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना फुटतं. अगदी बरोबर सांगायचा. आमच्या खालच्या अंगाला स्टॅन नावाच्या म्हाताऱ्याचं तळघर होतं.

स्टॅन दुसऱ्या दिवशी सकाळी दार तोडायला आल्यासारखा आला. रविवार होता, भानुदास घरीच. स्टॅनचं सगळं आयुष्य कोळशाच्या खाणीत पाणी उपसण्यात गेलं होतं. म्हातारपणी तरी कोरड्यात राहावं म्हणून त्याने ते घर घेतलेलं. आता त्याच्या तळघरात मांडीभर पाणी, आणि त्यावर वर्षाच्या कोबीची तीन पिंपं होडीसारखी तरंगत होती. भानुदासचा चेहरा राखेसारखा झाला. बाबचा दारात हाताची घडी घालून उभी.

"संपलं," भानुदास मला म्हणाला. "सुमनला काय तोंड दावू?"

मी आधी सांडवा फोडून पाणी रस्त्याकडे वळवलं, मग विजार गुडघ्यावर सारून स्टॅनच्या तळघरात उतरलो. ते पाणी इतकं गार होतं की पाय आहेत हे बघून खात्री करावी लागे. बादली भरायची, जिन्यावरून वर द्यायची. वर आधी भानुदास होता, मग बेकरीवाला आला, मग आणखी दोघं. शेवटी स्टॅनही रांगेत उभा राहिला. उपसायची सवय सुटत नाही. दुपारपर्यंत फरशी लागली. पिंपांची झाकणं घट्ट होती, कोबी वाचली.

मग स्टॅनने विचारलं आणि भानुदासने मान खाली घालून सांगितलं: "इचारतोय, का केलंस?"

मी सांगितलं. आमचा नाला, तीन वर्षं कोरड्या विहिरी, टँकर, तो बांध. भानुदासने ऐकलं आणि इंग्रजीत दोनच शब्द बोलला.

"एवढं लांब मी बोल्लो, अन् तुझं दोन शब्दांत झालं?"

तो हळूच म्हणाला, "दादा, मी हितं सांगितलंय, आपली बारमाही बागायत हाय. नदीकाठाला."

वा! म्हणजे नमुना म्हणून मला आणायचं आणि माल भलताच सांगितलेला. "भान्या, आता खरं सांग," मी म्हणालो. "न्हाई तर ह्यांना वाटंल मी येडा हाय. दुष्काळी म्हनलं तर निदान कारन तरी कळंल."

त्याने सांगितलं. या खेपेला बराच वेळ सांगितलं, मध्ये एकदा थांबून नाक पुसलं. मग स्टॅनने एकच प्रश्न केला.

"म्हनतोय, बांध फुटला का?"

"न्हाई."

स्टॅन परसात गेला. बांधाला बुटाने एक लाथ घातली, दुसरी घातली. बांध हलला नाही. "गुड वॉल," म्हणाला आणि घरी निघून गेला. खाणीतला माणूस, पाणी आवडत नसलं तरी काम ओळखतो.

राहिली बाबचा. तिने त्या दिवशी चूल बंद ठेवली नाही एवढीच आशा. पिरोगी वाढून झाल्यावर ती भानुदासशी बोलू लागली, बोट माझ्याकडे. मी ताटाकडे बघत राहिलो.

"काय म्हनती रं?"

भानुदासला हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. "म्हनती, बायकोला आन, पोरीला आन. मानसं खोटी न्हाईत. फकस्त ह्याला परत पाठव."

नमुना पसंत पडला आणि नमुनाच परत गेला. असा सौदा घोडेगावातही झाला नसेल. निघताना मी पुन्हा पाया पडलो. या वेळी बाबचा शोधायला वाकली नाही, माझ्या टोपीवर हात ठेवून उभी राहिली.

चैत्रात गावी पोचलो. बांध पुरा झाला होता आणि आत शेळ्या बसल्या होत्या. ओव्हरसियर भेटला. मी म्हणालो, "साहेब, मी घातलेला एक बांध भरला."

"पाझरला का?"

"लई पाझरला."

"मग रिपोर्टात घेऊ या," तो म्हणाला. त्याला घेण्यासारखं तेवढंच होतं.

सुमन टँकरच्या रांगेत होती, कडेवर छबी, पुढ्यात दोन हंडे. मी सांगितलं, म्हातारी हो म्हणाली, तयारीला लाग. तिने पदर सारखा केला. मला वाटलं विमानाचं विचारेल, थंडीचं विचारेल.

"दादा," ती म्हणाली, "तिथं पानी किती लांबून आनावं लागतंय?"

"आनावं लागत न्हाई. दारात पडतंय. उचलून बाहेर टाकायचं."

सुमन हसली. मी तिकडून आल्यापासून चेष्टा फार करतो, असं तिला वाटलं. मग रांग सरकली, आणि हंडे पायाने पुढे ढकलत तीही सरकली.