टेबलावर मांडलेलं बियाणं

"ए मुदका, हात लावू नको! पाव्हण्यांसाठी मांडलंय ते."

कंदांच्या मेळाव्यात शेती खात्याचा साहेब सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडला. मुदका म्हणजे कानडीत म्हातारा. टेबलावरचे कंद माझे होते. पुढ्यात पाटी मात्र नदीकाठी लॉज चालवणाऱ्या बागायतदाराची. तो खुर्चीत बसून चहा पीत होता.

माझी बायको दिवाळीआधी वारली. तापानं. डोंगरातनं रस्त्यापर्यंत न्यायलाच उशीर झाला. कंद तिनं लावलेले, काढले मी एकट्यानं. आमच्यात शेतातले पहिले निघालेले मोठे कंद खात न्हाईत, बियाला ठेवतात. ते बाईमाणसानंच राखेत झाकायचे. ती न्हवती. मी झाकले.

रानडुकरं शेत उकरतात. सरकार कुंपण देतं, असं कुणीतरी सांगितलं. जोयड्याच्या या डोंगरात ऊन वर आल्याबिगर धुकं हटत न्हाई. तसल्या गारठ्यात कांबळं पांघरून पहिली बस धरायची. तालुक्याला गेलं की साहेब फिरतीवर. भेटला तर, "जमीन जंगलाची. उतारा तुझ्या नावावर न्हाई." योजना कुणासाठी हाय, तेवढं कुणी सांगत न्हाई.

मग एक दिवस साहेबाचा माणूसच घरी आला. "अज्जा, मेळाव्यात मांडायला मोठे कंद दे. परत देतो. कुंपणाच्या यादीत तुझंच नाव पहिलं." मी राख उकरली. बियाणं दिलं.

मेळाव्यात दुपारी साहेब आचाऱ्याला म्हणाला, "हे मोठे घे. पाव्हण्यांना काप तळून दे."

"साहेब, ते बियाणं हाय."

"मग? रानात दुसरं उकर की."

खुर्चीतला बागायतदार हसला. "यांना कुंपण कशाला? डुकरांसंगं वाटून खाणारी माणसं."

लोक हसले. माझ्या गावचेबी हसले. जन्मभर मी असल्या हसण्यापुढं मान खाली घातली. त्या दिवशीबी घातलीच होती.

आचाऱ्यानं कंद उचलला. तिच्या हातची शेवटची लागवड. ती आता तेलात जाणार.

मी कांबळं टेबलावर पसरलं. सगळे कंद त्यात भरले. आचाऱ्याच्या हातातला हिसकावून घेतला.

"मुदका, योजनेतनं नाव काढीन तुझं!"

"घातलं कवा होतंस?"

साहेबाला एकेरीत बोललो. आयुष्यात पहिल्यांदा. कुणी हसलं न्हाई.

बियाणं पुन्हा राखेत झाकलंय. उन्हाळ्याच्या अखेरीला लावणार. कुंपण मिळालं न्हाई, पण सोडणारबी न्हाई. ते सरकारचं हाय, साहेबाच्या बापाचं न्हवं. येत्या ग्रामसभेत उभा राहून विचारणार, कुंपण कुणाकुणाला दिलं? नावं मोठ्यानं सांगा. आमच्या वाडीत एकाच्याबी दारात का न्हाई आलं? विनंती करणार न्हाई. हात जोडणार न्हाई. आणि उत्तर मिळेस्तोवर खाली बसणार न्हाई.